काळजाचं विरजण

"आता इथं आपण दोघीच आहोत," प्रणिता म्हणाली. "बाहेर तुझे वडील बसलेत, चुलते बसलेत, पण या दारातून आवाज जात नाही. मी एकच गोष्ट विचारणार, आणि कारण विचारणार नाही. तुला द्यायचं आहे का?"

जतहून आलेली ती मुलगी तेवीस वर्षांची होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

"हो. माझ्या मर्जीनं देतेय. सख्खा भाऊ हाय माझा." पाठ केलेलं तिनं एका दमात म्हणून टाकलं.

 नऊ वर्षांच्या नोकरीत प्रणिताला एवढं कळलं होतं की पहिलं उत्तर घरच्यांचं असतं. दुसरं यायला वेळ लागतो. तिनं पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. चार-पाच मिनिटं गेली. मुलीच्या बोटाचं टोक पांढरं पडलं.

"मॅडम, मी नाही म्हटलं तर मला माहेर राहायचं नाही."

"तू कशाला नाही म्हणतेस? तू हो म्हणालीस असंच मी बाहेर सांगणार. नाही आम्ही म्हणू."

पाच दिवसांनी त्या कुटुंबाच्या हातात एक कागद पडला. 'दात्याच्या पेशी जागृती चाचणीला प्रतिसाद देत नाहीत. दाता अयोग्य.' कागद वाचून मुलगी दारातच हुंदके देऊन रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. बापानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरीची तयारी होती हो," तो भेटेल त्याला सांगत होता, "देवाच्याच मनात नव्हतं."

मिरजेच्या त्या रुग्णालयात, हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांच्या विभागात, प्रणिता मगदूम दाता-समुपदेशक होती. असं पद तिच्या आईच्या पिढीला ठाऊकच नव्हतं, कारण तेव्हा जिवंत माणसानं काळीज देणं ही फक्त बोलायची गोष्ट होती.

आपल्या शरीरात कातडी भरून येते, हाड सांधतं, यकृत वाढतं. हृदयाच्या स्नायूला मात्र ती सोय नाही. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या पेशी विभागायचं जवळपास सोडून देतात. झटक्यानं किंवा तापानं मेलेला भाग मेलेलाच राहतो. कातडीच्या पेशींना फसवून त्यांचा हृदयस्नायू बनवायचे प्रयोग झाले होते. तसे तुकडे हृदयावर शिवलेही गेले. पण ते आपल्याच तालात धडधडायचे. एका पथकात दोन ताशेवाले दोन लयींत वाजवू लागले तर जे होईल ते व्हायचं, आणि रुग्ण दगावायचे. मग एक प्रथिन सापडलं. मोठ्या माणसाच्या, कामाला सरावलेल्या हृदयपेशी त्या प्रथिनात ठेवल्या की गर्भात असल्यासारख्या जाग्या होऊन वाढायला लागत. सहा आठवड्यांनी प्रथिन काढून घेतलं की पुन्हा शहाण्यासारख्या कामाला लागत. तळहाताएवढा पडदा तयार होई. तो आजारी हृदयावर शिवला की दोन-तीन महिन्यांत तेही हळूहळू त्याच्याबरोबर चालायला लागे.

अटी दोन होत्या. पेशी आई, बाप, भाऊ, बहीण किंवा मूल यांच्याच हव्यात, नाहीतर शरीर तो पडदा टाकून देई. आणि त्या जिवंत, चालत्या हृदयातूनच घ्याव्या लागत. मेंदू मेला की शरीरात रसायनांचं जे वादळ उठतं त्यानं पेशी अशा बधिर होत की पुन्हा जागत नसत. म्हणून दात्याच्या डाव्या बरगड्यांमधून दोन बोटांएवढं भोक पाडायचं, त्या बाजूचं फुप्फुस थोडा वेळ मिटवायचं आणि धडधडत्या हृदयाच्या टोकाचा चिंचोक्याएवढा तुकडा काढायचा. दाता पाचव्या दिवशी घरी जाई. शंभरात एकाला ठोक्यांचा त्रास जन्मभरासाठी लागे. हजारात एखादा घरी जात नसे.

कागदोपत्री त्या तुकड्याला मोठं नाव होतं. वॉर्डातल्या मावशी त्याला विरजण म्हणायच्या, आणि तेच नाव सगळीकडे झालं. चमचाभर घ्यायचं, पातेलंभर लावायचं.

त्यातून जे झालं त्याचा अंदाज शोध लावणाऱ्यांनी केला नसावा. घरात विरजण असताना परक्याचं काळीज कशाला मागायचं, असं लोक म्हणू लागले. मेंदूमृत माणसांच्या नातेवाइकांनी हृदयदान करणं जवळपास थांबलं. आता हृदय हवं तर घराकडेच बघायचं, आणि घर बहिणीकडे, लेकीकडे, आईकडे बघायचं. विभागातल्या दोनशे बारा दात्यांपैकी एकशे एकाहत्तर बायका होत्या. प्रणितानं एका बैठकीत हा आकडा सांगितला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बायकांची काळजं मोठी असतात," आणि सगळे हसले.

त्यानंतर तिनं कागद द्यायला सुरुवात केली. डॉक्टर बिराजदार विभागप्रमुख होते, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. सही त्यांची असे. ती म्हणायची, "सर, ही मुलगी नको म्हणतेय," आणि ते काही न विचारता 'पेशी प्रतिसाद देत नाहीत' असं लिहायचे. ही चाचणी राज्यात तीनच ठिकाणी व्हायची. तीत हृदयाचा तिळाएवढा कण काढत आणि तिथला व्रण पक्का व्हायला सहा महिने थांबावं लागे, त्यामुळं कुणी फेरतपासणी करून घेत नसे. जतची मुलगी अकरावी होती.

*

प्रणितानं लग्न केलं नव्हतं. तिचं घर म्हणजे तासगावातलं धाकट्या भावाचं घर. अभिनंदन तिच्याहून पाच वर्षांनी लहान. त्याची बेदाण्याची शेड होती. त्याची बायको पद्मजा, मुलगी त्रिशला, आणि आई. त्रिशला अकरावी-बारावीला मिरजेत आत्याकडेच राहिली होती. तिच्या वेण्या, तिचे डबे, तिची परीक्षेच्या आदल्या दिवशीची पोटदुखी, सगळं प्रणितानं केलं होतं. आता पोरगी पुण्यात शिकत होती.

एका रविवारी भाऊ-बहीण शेडमध्ये बसले होते. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, आंबटगोड वास सुटला होता. बोलता बोलता प्रणितानं त्याला कागदांचं सांगितलं. तिला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. आपण काहीतरी चांगलं करतोय, हे आपल्या माणसानं म्हणावं असं वाटत होतं.

"म्हणजे तू खोटं सर्टिफिकेट देतेस," अभिनंदन हसत म्हणाला.

"मी त्यांना वाचवते. त्यांच्या घरच्यांपासून."

"आणि जे आजारी असतात त्यांचं काय होतं?"

"ते डॉक्टर बघतात. माझं काम दात्याचं."

"आक्का, तू लई डेंजर बाई आहेस," तो म्हणाला आणि मूठभर बेदाणे तिच्या ओंजळीत टाकले. पद्मजा चहा घेऊन मागं उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

*

त्याच वर्षी, थंडीत, अभिनंदनला ताप आला. आठवड्याभरात उतरला. पण त्यानंतर शेडच्या जाळ्यांची शिडी चढताना त्याला मध्येच थांबावं लागू लागलं. मग पाय सुजले. मग तो उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपू लागला. प्रणितानं त्याला मिरजेला आणलं. तापाचा विषाणू हृदयात उतरला होता. हृदय फुगून सैल पडलं होतं आणि निम्म्याच्याही निम्म्यानं काम करत होतं.

बिराजदारांनी त्याच्या छातीत पंप बसवला. एक वायर पोटातून बाहेर, कमरेला बॅटरी. "यावर सात-आठ महिने निघतील," ते म्हणाले. "पुढं रक्ताच्या गुठळ्यांची भीती. तोवर विरजण लावून घ्यायला हवं."

"मी आहे की," प्रणिता म्हणाली.

तिनं रजेचा अर्ज त्याच दिवशी दिला. ज्या खुर्चीत दाते बसत त्या खुर्चीत ती बसली, आणि तिची सहकारी मीनल सावर्डेकर समोर बसली. मीनलनं एकच प्रश्न विचारला. प्रणितानं लगेच हो म्हटलं आणि दोघी हसल्या. मानेच्या शिरेतून बारीक चिमटा आत घालून तिच्या हृदयाचे तिळाएवढे दोन कण काढले, दोन वेगळ्या बशांत ठेवले. अभिनंदन तिला म्हणाला, "आक्का, तुझं लावल्यावर मीपण तुझ्यासारखा सगळ्यांना शिस्त लावत सुटणार बघ." ती म्हणाली, "लागू दे जरा."

पाचव्या दिवशी बिराजदारांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरचं स्टूल पुढं ओढून दिलं. तिनं डोळा लावला. लांबट फिकट पेशी शेजारी शेजारी पडल्या होत्या. हालचाल नव्हती.

"दोन्ही बशा?"

"दोन्ही. चाळिसात एखाद्याचं असं असतं. प्रथिन ज्याला चिकटतं तो दरवाजाच त्यांच्या पेशींवर नसतो. तुझं हृदय ठणठणीत आहे, प्रणिता. फक्त त्याला जागं करता येत नाही."

"तिसऱ्यांदा घ्या."

"सहा महिने नाही घेता येत. आणि घेतलं तरी हेच दिसेल."

त्यांनी कागद लिहिला. 'दात्याच्या पेशी जागृती चाचणीला प्रतिसाद देत नाहीत. दाता अयोग्य.' दुसरी वाक्यरचना त्यांच्याकडे नव्हती. कागद हातात आल्यावर प्रणिताला पहिल्यांदा भीती वाटली, ती भावाच्या आजाराची नव्हती.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आई आणि पद्मजा बसल्या होत्या. प्रणितानं सांगितलं. पद्मजानं कागद घेतला, वाचला, घडी घातली आणि परत दिला. 

"पद्मजा, हे खरं आहे."

"मी कुठं काय म्हटलं, आक्का?"

"डॉक्टरांना विचार. मी स्वतः पाहिलं सूक्ष्मदर्शकातून."

"डॉक्टर तुमचेच. सूक्ष्मदर्शक तुमचाच." तिचा आवाज चढला नाही. "एवढंच वाटतं, की नको होतं तर आमच्यासमोर नको म्हणायचं. आम्ही काय तुम्हाला बांधून नेणार होतो? परक्या पोरींना देता तो कागद घरात नव्हता आणायचा."

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचं हृदय साठीनंतरचं म्हणून कुणी घेणार नव्हतं, तरी ती रोज विचारत होती. आता तिनं प्रणिताचा हात धरला. प्रणिताला वाटलं, आई तरी.

"डॉक्टरला सांग बाई, की विचार बदलला," आई म्हणाली. "कोण काय म्हणणार नाही तुला. माणूस घाबरतंच."

*

राहिली त्रिशला. एकोणीस पूर्ण होती. अठराची अट होती.

मीनलपुढं बसण्याच्या आदल्या दिवशी ती पुण्याहून आत्याच्या घरी राहायला आली. नात्यातल्या माणसाची मुलाखत प्रणिताला घेता येत नव्हती. घरात दिवेलागणीच्या आत जेवायची पद्धत. साडेपाचला दोघी ताटांवर बसल्या. त्रिशलानं भाकरीचे तुकडे केले आणि खाल्ले नाहीत.

"आत्या, माझापण कागद काढ."

प्रणिताला आधी कळलंच नाही. "कसला?"

"तुझ्यासारखा." तिनं मान वर केली नाही. "उद्या मी मीनल मावशींना हो म्हणणार. आजी, आई बाहेर बसणार आहेत, मला नाही म्हणताच येणार नाही. आणि पप्पांना तर नाहीच. मी हो म्हणणार, पण ते घेऊ नका. तुला जमतं ना ते."

"मी माझा काढलेला नाही, त्रिशू. माझ्या पेशी खरंच जागल्या नाहीत."

"बरं," त्रिशला म्हणाली. ज्या आवाजात आपण मोठ्या माणसांचा मान राखतो, तसं म्हणाली.

प्रणितानं ताट सरकवलं. "का नको तुला?"

हा प्रश्न तिनं नऊ वर्षांत कुणाला विचारला नव्हता. विचारायचा नाही हा नियमच तिनं केला होता.

"माहीत नाही. नको वाटतं."

"दुखत नाही फार. मी शेकडो जणी बघितल्यात. पाचव्या दिवशी चालत जातात."

"माहितेय."

"मग का? परीक्षा आहे? कुणी काही म्हणालंय? कुणी मुलगा आहे का?"

"तसलं काही नाही, आत्या."

"पप्पा आहेत तुझे. पंपावर किती दिवस..." आणि इथं प्रणिताला स्वतःचा आवाज ऐकू आला. दाराबाहेर बसणाऱ्या सगळ्या चुलत्यांचा, सासऱ्यांचा आवाज तो. तिनं तोंड मिटलं. समोर पोरीनं बोटाला ओढणी गुंडाळली नव्हती, ती रडतही नव्हती. फक्त तिचा डावा हात छातीवर, बरगड्यांच्या खाली, झाकल्यासारखा पडला होता. तिला ते ठाऊक नव्हतं.

"मला वाटतं मी वाईट आहे," त्रिशला म्हणाली. "पप्पा मरतील आणि तरी मला नकोय. रोज सकाळी उठते आणि बघते, आज हवंसं वाटतंय का. नाही वाटत. कुणीतरी माझ्या आत हात घालणार, आणि ते चालू असताना. मी विचारच करू शकत नाही. तू म्हणायचीस ना, कारण लागत नाही."

म्हणायची खरी. त्रिशला अकरावीत असताना, याच ताटांवर बसून, प्रणितानं तिला अभिमानानं सांगितलं होतं.

"जेव," प्रणिता म्हणाली. "उजेड आहे तोवर."

*

दुसऱ्या दिवशी त्रिशलानं मीनलपुढं खणखणीत हो म्हटलं. मीनलला संशय आला की नाही कोण जाणे. पद्मजानं बाहेर लेकीला पोटाशी धरलं. त्याच दुपारी चाचणी झाली.

पाचव्या दिवशी प्रणिता प्रयोगशाळेत गेली. बिराजदारांनी काही न बोलता स्टूल पुढं केलं.

तिनं नऊ वर्षांत पुष्कळ बशा पाहिल्या होत्या. ही वेगळी होती. पेशी दाटीनं वाढल्या होत्या, एकमेकींना भिडल्या होत्या आणि सगळ्या मिळून आकसत होत्या, सैल होत होत्या. एका ठेक्यात. तिळाएवढ्या कणातून पाच दिवसांत एवढं. पाहता पाहता तिचा श्वास त्या ठेक्यावर जाऊन बसला.

"वर्षभरात एवढ्या सुंदर जागलेल्या पाहिल्या नाहीत मी," बिराजदार म्हणाले. "बापाला अगदी जुळतात. वीस वर्षं सहज मिळतील त्याला."

"सर, ती नको म्हणतेय."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले.

"प्रणिता, तू आजवर अकरा जणींसाठी माझ्याकडे आलीस. त्या अकरा रुग्णांचं काय झालं, कधी विचारलं नाहीस."

"नाही."

"सांगू?"

"नको."

"सात गेले. जतचा मुलगा जूनमध्ये गेला." ते थांबले. "मी सही केली, म्हणजे माझेही ते. तुला दोष देत नाही. पण आज हे मी एकटा ठरवणार नाही. तो तुझा भाऊ आहे. तू म्हणालीस तर मी मुलीला बोलावतो, तिच्याशी बोलतो. एकोणीस वर्षांचं पोर आहे, आपण दोघांनी तासभर समजावलं तर ती तयार होईल. तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. प्रणिताला नेमकी कोणती वाक्यं म्हणायची तेही माहीत होतं. कुठं थांबायचं, कधी पाणी द्यायचं, कधी खांद्यावर हात ठेवायचा. लोकांना मोकळं करण्यासाठी शिकलेलं सगळं उलटं वापरलं की झालं. आणि पोरगी जन्मभर म्हणत राहिली असती की मी माझ्या मर्जीनं दिलं.

ती किती वेळ उभी होती तिला आठवत नाही. बशी मधल्या काळात चालूच होती.

"अयोग्य लिहा," ती म्हणाली.

बिराजदारांनी लिहिलं. मग त्यांनी बशी काढून तिच्या हातात दिली. नियमानं नाकारलेला नमुना त्याच दिवशी नष्ट करावा लागे, आणि ते काम करायला आज त्यांचा हात उचलत नव्हता. प्रणितानं ती पिवळ्या पिशवीत टाकली. पिशवीची गाठ तिला तीनदा मारावी लागली.

*

"आता राहिलं कोण?" अभिनंदननं विचारलं. तो खाटेवर बसला होता, मांडीवर बॅटरी.

"मेंदूमृत दात्याच्या हृदयाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव वर आहे."

"त्या यादीतून दोन वर्षांत कितीजणांना मिळालं?"

तिनं त्याच्या मांडीवरची बॅटरी सरळ केली. एकाला मिळालं होतं.

"पोरीची तयारी होती," तो म्हणाला. "तेवढ्यानंच भरून पावलो बघ. हो म्हणाली. एकोणीस वर्षांची पोर." त्याचे डोळे भरले होते. "पेशी नाही जागल्या त्याला ती काय करणार? आपल्या घराण्यातच ते असेल. नाही का?"

"असेल," प्रणिता म्हणाली. आणि मग तिच्यानं राहवलं नाही. "अभि, माझ्यापण नाही जागल्या. तू तरी विश्वास ठेव. मी द्यायला आले होते. मनापासून आले होते."

अभिनंदननं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिनं त्याचा मार स्वतःवर घेतला की तो असाच बघायचा. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला.

"आक्का, असू दे की. मी तुझ्या जागी असतो तर मीही घाबरलो असतो. माझ्या मनात काही नाही. अगदी काही नाही."

"पण मी घाबरले नव्हते."

"बरं, नव्हतीस," तो म्हणाला आणि तिचा हात थोपटत राहिला. तिला त्या हातातून आपला हात ओढून घ्यावासा वाटला. तिनं न केलेल्या गोष्टीची माफी तिला मिळाली होती आणि ती परत करायची सोय नव्हती.

सातव्या महिन्यात, दुपारी, जेवता जेवता अभिनंदनच्या हातातून घास गळला. पंपात धरलेली गुठळी मेंदूत गेली होती. चार दिवसांनी तो गेला. पंप बंद करावा लागला तेव्हाच त्याचं हृदय थांबलं. पंप बंद करायच्या कागदावर कुटुंबातल्या कुणाची तरी सही लागत होती, ती पद्मजानं केली. प्रणितानं पेन पुढं केलं तर तिनं ते घेतलं नाही, नर्सकडून दुसरं मागून घेतलं.

सुतक संपल्यावर प्रणिता तासगावला गेली. आईनं पाणी दिलं, बस म्हणाली. पद्मजा आतून बाहेर आली नाही. निघताना आई दारापर्यंत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "थोडे दिवस येऊ नकोस, बाई. तिला बघवत नाही." त्रिशला ओसरीवर बसली होती. तिनं वर पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बघितलं. प्रणितानं मानेनंच नको म्हणून सांगितलं.

*

त्यानंतर ती मुलाखतीच्या खोलीत फार टिकली नाही. कवठेमहांकाळची एक बाई मुलासाठी द्यायला तयार नव्हती. तिच्यासमोर बसलेली असताना प्रणिता अचानक म्हणाली, "विचार करा हो. नंतर वाईट वाटतं." ती बाई घाबरून तिच्याकडे बघायला लागली. त्याच दुपारी प्रणितानं बदली मागितली. आता ती छातीच्या शस्त्रक्रिया झालेल्यांकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायची. प्लास्टिकच्या नळकांड्यात तीन रंगीत चेंडू असत, नळीतून श्वास ओढला की वर चढत. "अजून थोडा. धरा. सोडा." दिवसभर एवढंच बोलायचं. तिला ते बरं वाटत होतं.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी त्रिशला तिथं आली. पुण्यात नोकरी लागली होती तिला. बारीक झाली होती. प्रणितानं एका म्हाताऱ्या रुग्णाला नळी धरायला दिली आणि तिला बाजूच्या बाकावर बसवलं.

"आत्या, मी आईला सांगू का?"

"काय?"

"मीच कागद मागितला ते. आई अजून तुझं नाव काढलं की उठून जाते. आजी तुझ्यासाठी दर सणाला रडते. मला सहन होत नाही. मी सांगते, मग होईल ते होईल."

 प्रणिताला वाटलं, सांगू दे. एका घरात तरी आपल्याला पुन्हा बसायला पाट मिळेल. मग तिला पद्मजा दिसली, त्या बाकावर, लेकीला पोटाशी धरलेली. नवरा गेला तेव्हापासून ती त्या एका होकारावर जगत होती. माझी पोर हो म्हणाली होती.

"नको सांगूस," ती म्हणाली. "कधीच नको."

"पण तू..."

"माझं चाललंय."

त्रिशलाचे खांदे खाली आले. लपवायचा प्रयत्न करूनही तो सुटकेचा श्वास लपला नाही.  मग अगदी हळू, जवळ सरकून, म्हणाली:

"एक विचारू? रागवणार नाहीस? मला कधीकधी रात्री... म्हणजे कधीही, बसमध्येसुद्धा, असं वाटतं की जगात मी एकटीच अशी आहे. मग मी तुझा विचार करते. तू एवढी चांगली, पप्पांवर एवढी माया, आणि तुलाही नाही जमलं. मग जरा बरं वाटतं. तू तेव्हा जे म्हणालीस, पेशींचं, ते मला धीर यावा म्हणून, घरच्यांसाठी, असं कायतरी होतं ना? तूपण घाबरली होतीस ना, आत्या?"

प्रणितानं तिच्याकडे पाहिलं. वेण्या घालून दिलेलं ते डोकं, परीक्षेला दुखणारं ते पोट. पलीकडे म्हातारा नळी तोंडात धरून तिच्या खुणेची वाट बघत होता.

"हो," ती म्हणाली. "मीपण घाबरले होते."

त्रिशला तिच्या कुशीत शिरून रडायला लागली. प्रणितानं तिला धरून ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "ओढा काका. हळूहळू. सोडू नका."